समजा मॅडमचं चालणारं मशीन

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या बाईंना अख्खं कॉलेज ‘समजा मॅडम’ म्हणायचं. वर्गात शिरून हजेरी झाली, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : “समजा, एक वस्तुमान एका स्प्रिंगला टांगलं आहे...” बाई म्हणायच्या ‘समजा’, आणि पोरांना काही समजायचं नाही.

बाईंचा गणितावर भारी जीव. समीकरण सुटत आलं की चेहरा असा खुलायचा, जणू माहेरची गाडीच दारात येऊन उभी राहिलीय. मग त्या आनंदात मागे वळून बघावं तर निम्मा वर्ग पेंगतोय आणि उरलेला बाकाखाली मोबाइल चाळतोय. घरी जाऊन त्या नवऱ्यापाशी कुरकुरायच्या. तो म्हणायचा, “अगं, गणित मलाही कधी आवडलं नाही. तरी तुझ्याशी लग्न केलंच ना?”

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे, नखांत कायम ग्रीस. गणितात मात्र शेवटून पहिली. दर तासाला तिचा एकच प्रश्न, “मॅडम, हे सगळं कशाला?” म्हणून तिचं नावच पडलं ‘कशाला’. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, “परीक्षेत येतं म्हणून!” वर्ग खो खो हसला. मुलीने वही मिटली. बाईंना ते दिवसभर लागून राहिलं, कारण ते उत्तर त्यांचं त्यांनाच पटलं नव्हतं.

आणि एका सकाळी तास रंगात आला असताना फोन वाजला. फोन वाजला की बाहेर, हा बाईंचाच नियम. पण या वेळी आवाज त्यांच्याच पर्समधून येत होता. नवरा तासाच्या वेळी कधी फोन करायचा नाही, म्हणून त्यांनी घाबरून उचलला.

“अगं, मी बाथरूममध्ये अडकलोय!” तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू आलं. “तुझं वॉशिंग मशीन चालत चालत आलंय आणि दाराला टेकून उभं आहे!”

“अहो, मग ढकला की!”

“मी ढकलतोय, तर ते मलाच उलट ढकलतंय!”

वर्गात एकच हशा उसळला. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली असायची. बाईंनी त्यांना फोन लावून नवऱ्याची सुटका करवली. हसू ओसरल्यावर मागून आवाज आला, “मॅडम, पण ते चालतं कसं?”

‘कशाला’ने पहिल्यांदाच वेगळा प्रश्न विचारला होता. बाई सवयीने फळ्याकडे वळल्या. “समजा...” आणि थांबल्या. “समजा नाही, खरंच आहे. माझ्या घरी आहे. कुणाला बघायचंय?”

शनिवारी पाच-सहा जण घरी आले. नवऱ्याने दार उघडून बजावलं, “बाथरूमला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या बरं. नंतरचा भरवसा नाही.”

दुरुस्तीवाल्याने मशीन जुनं झालंय, विकून टाका म्हणून सांगितलं होतं. ‘कशाला’ला ते मान्य नव्हतं. तिने वर्कशॉपमधून जाड, मऊ रबराचे तुकडे आणले होते. चारही पायांखाली ते सरकवून ती ऐटीत म्हणाली, “यात आकडेमोड कशाला हवी? करा सुरू.”

ओले टॉवेल आत गेले. ड्रमने वेग घेतला. आजवर नुसतं चालणारं मशीन चक्क नाचायला लागलं. साबणाचा डबा खाली आला, नळ थरथरला, नवऱ्याने मशीनला दोन्ही हातांनी कवटाळलं. “बंद करा, बंद करा!”

मुलीचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या जिभेवर अख्खं व्याख्यान आलं होतं, ते त्यांनी महत्प्रयासाने गिळलं.

“मऊ रबर का घेतलंस?”

“धक्के कमी होतील म्हणून.”

“मग वाढले का?”

“माहीत नाही.” तिने वाकून पायाखालचं रबर बोटाने दाबून पाहिलं. “गणिताने काढता येईल?”

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. आधी हवं होतं ते इतकंच, की किती वजनाला रबर किती दबतं. वर्गातला ‘पैलवान’ नावापुरताच होता, फुंकर मारली तर उडेल असा. सगळ्यांचे डोळे नवऱ्याकडे वळले. “काका, जरा वर बसता का?” काका चहाच्या कपासकट मशीनवर राजासारखे विराजमान झाले. ‘कशाला’ जमिनीवर पालथी पडून मोजायला लागली.

“काका, हलू नका!”

“मग हसवू नका!”

समीकरण फळ्यावरचंच होतं. पण आता त्यातलं वस्तुमान समोर उभं होतं आणि स्प्रिंग म्हणजे पायांखालचं रबर होतं. दुसऱ्या ओळीलाच मुलगी अडली. पेन चावत म्हणाली, “मॅडम, इथून पुढे कसं?” बाईंनी एक पायरी दाखवली. बाकीच्या पायऱ्यांशी ती एकटी झुंजली, दोनदा चुकली, चिडली, पुन्हा बसली. उत्तर आलं तेव्हा ती किंचाळलीच. मऊ रबरावर मशीनच्या स्वतःच्या डुलण्याची गती आणि ड्रम फिरण्याची गती जवळजवळ एक झाली होती. झोका मागे आला की नेमका तेव्हाच धक्का द्यावा, तसं.

“म्हणजे मीच त्याला नाचवलं!” तिच्या आवाजात लाजेपेक्षा आनंदच जास्त होता.

मग तिने उलटा हिशेब मांडला : दोन्ही गती एकमेकींपासून लांब ठेवायच्या तर रबर किती कडक हवं? पुढच्या आठवड्यात पातळ, कडक रबर आलं. मशीन जागच्या जागी गुणगुणत राहिलं. नवरा तेवढा हिरमुसला. ऑफिसला उशीर व्हायचं एक झकास कारण हातचं गेलं होतं.

अख्खा वर्ग गणिताच्या प्रेमात पडला, असं काही झालं नाही. पैलवान अजूनही पेंगतो. पण बाईंनी शिकवायची तऱ्हा बदलली. नवीन धडा आला की त्या आधी विचारतात, “कुणाच्या घरी काय बिघडलंय?” कुणी खडखडणारा पंखा सांगतं, कुणी गच्चीवरची टाकी. परवा ‘कशाला’ने मामाची स्कूटर आणली. ठरावीक वेगाला तिचं हँडल थडथडायचं. बाई पार्किंगमध्ये उकिडव्या बसून चाक निरखत राहिल्या. प्राचार्य आले, बघितलं आणि परत गेले. घरी दोन-तीन वेळा मांडूनही बाईंना ते सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून हे सांगणं त्यांना जड गेलं. “मला नाही जमलं,” त्या म्हणाल्या.

मग मधल्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, चालवणाऱ्याचं वजन धरलंत का?” दुसरा म्हणाला, “आणि टायरमधली हवा?” बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोवर ‘कशाला’ बाक ओलांडून फळ्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.