प्लेटा धुतल्या तो दिवस

भोकरदनच्या दूध शीतकरण केंद्रात मी दुधाची तपासणी करायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. केंद्राच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, त्यात मी एकटीच राहायची. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला गावात खोली मिळेना, म्हणून साहेबांनी ते दिलं होतं. गावातल्या बायका रस्त्यात भेटल्या की बोलायच्या, पण घरी ये म्हणायच्या नाहीत. दर शनिवारी मी एस.टी.नं जुन्या जालन्यात बाबांकडे जायची, रविवारी परतायची. आई गेल्यापासून तेही एकटेच. आम्ही जेवायचो, रेडिओ ऐकायचो, फार बोलायचो नाही.

एकदा उन्हाळ्यात, भर आठवड्यात, बाबा केंद्रावर आले. याआधी कधी आले नव्हते. नेमकं त्या दिवशी दूध गार होत नव्हतं. चार अंशांवर यायला हवं, ते नऊवर येत होतं. असं दूध टँकरमध्ये भरलं तर वाटेतच नासणार. बाबांना सावलीत स्टुलावर बसवून मी ऑपरेटरबरोबर आत गेले.

बर्फाच्या टाकीत बर्फ भरपूर होता. टाकीतल्या नळ्यांतून अमोनिया जातो. आत तो उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता भोवतीच्या पाण्यातून ओढून घेतो, त्यामुळे नळ्यांवर बर्फ चढतो. तिथलं गारेगार पाणी पंपानं कूलरमध्ये येतं. कूलर म्हणजे एकाला एक लावून, दाबून बसवलेल्या स्टीलच्या पातळ प्लेटा. एका फटीतून दूध, शेजारच्या फटीतून पाणी. पाणी गार असून दूध गार होत नाही, म्हणजे खोट प्लेटांतच होती.

ऑपरेटरनं बोल्ट सैल केले. पाण्याच्या बाजूनं पांढरा क्षार धरला होता. आमच्या बोअरचं पाणी जड. नखाच्या जाडीचाच थर, पण उष्णता पलीकडे जाऊच देत नव्हता.

ऑपरेटर हातमोजे घालून प्लेटा अ‍ॅसिडच्या पाण्यातून काढून द्यायचा, मी ब्रशनं घासायची. बाबा बघत होते. मग काही न विचारता त्यांनी बाह्या दुमडल्या, नळापाशी उकिडवे बसले आणि एकेक प्लेट विसळून भिंतीला उभी करू लागले. आई गेल्यापासून घरची भांडी तेच घासायचे, तो हात दिसत होता.

दूध न् पाणी एकमेकांत मिसळत कसं नाही, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मध्ये पत्रा आहे, कडेनं रबर आहे. दुधातली उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते. त्यांनी हातातली प्लेट उलटसुलट करून पाहिली. मग मान वर न करता म्हणाले, "मी पुण्याला चाल्लो, धाकट्याकडं. घर भाड्यानं देऊन राह्यलो."

मी घासत राहिले. कधी ठरलं, म्हणून विचारलं.

"झाले बरेच दिवस. तू आली की सांगायचं ठरवायचो. तू जेवायला बसली की मंग तोंडातून निघंना."

प्लेटा परत बसवल्या. दूध हळूहळू चारावर आलं, टँकर भरून गेला. मी बाबांना स्टँडवर सोडायला गेले. जालन्याची गाडी लागलीच होती.

"बाबा, इथंच राहा ना माझ्याजवळ. दोन खोल्या आहेत."

"पोरीच्या घरी बाप राह्यतो का? लोक तुलाच बोलतील."

लोक तसंही बोलतातच, असं मी म्हणाले. ते गाडीत चढले. खिडकीजवळ बसले आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

पुढे मी रविवारची ड्यूटी मागून घेतली. सोबतच्यांना बरंच झालं. बाबा अधूनमधून केंद्राच्या फोनवर फोन करायचे. कॉम्प्रेसरच्या आवाजात नीट ऐकू यायचं नाही. जेवलीस का, जेवलात का, एवढं विचारून आम्ही ठेवून द्यायचो. पुण्यात धाकट्या भावाकडे त्यांची आबाळ झाली नाही, भावजयीनं सगळं केलं. काही वर्षांनी ते तिथंच गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

नंतर माझी बदली जालन्याला झाली. आमच्या घरात भाडेकरू रुळले होते. मी नव्या जालन्यात खोली घेतली, आणि जुन्या जालन्यात जायचं झालं तर आमच्या गल्लीला वळसा घालून जायची.