हिका कोणी हात लावल्यान?

माझी जुनी गाडी बंद पडली की गावातला मेकॅनिक यायचा, बॉनेट उघडायचा आणि आधी एकच विचारायचा, "हिका कोणी हात लावल्यान?" जणू सगळं गाव माझ्या इंजिनात बोटं घालायला टपून बसलं होतं. कोणी नाही म्हटलं तरी त्याला पटत नसे. पण कार्बोरेटरच्या गाड्या बघणारा मसुऱ्यात तो एकटाच, म्हणून मी दर वेळी त्यालाच बोलवायचो.

त्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कणकवलीला न्यायचं होतं. गाडी फाटकातच बंद पडली आणि काही केल्या सुरू होईना. नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर त्याने पंपाची नळी काढून तोंडाने ओढून पाहिली. "पेट्रोल येणा नाय." मग पंप खोलला, फिल्टर फुंकला, कार्बोरेटर साफ केला. आई घामाने भिजली होती, पण मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हती. शेवटी टाकीत पेट्रोल तरी आहे का बघायला त्याने झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी कोंबलेली होती. टाकीत हवाच जात नव्हती, तर पेट्रोल पुढे येणार कसं?

ती पिशवी मागच्या आठवड्यात त्यानेच माझ्यादेखत बसवली होती, "पेट्रोल उडता" म्हणत.

त्याने ती घडी घालून खिशात टाकली. गाडी चालू झाली. मी त्याच्याच सुरात विचारलं, "हिका कोणी हात लावल्यान?"

त्याने बॉनेट आपटलं आणि आईकडे बोट दाखवलं. "आवशीक उनात किती येळ बसयतलास? निघा आता."