अंडंसुद्धा चालणार नाही

बीडमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी दहावीला गणित शिकवते. वर्गसमीकरणाचं सूत्र मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्या दिवशी भरल्या वर्गात मार्कर हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिले आणि सूत्र आठवेना. अर्धं लिहिलं, पुढचं सगळं कोरं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच पुढचं सांगितलं. मी मुद्दाम विचारत होते असं दाखवून हसले. गोष्ट क्लासच्या सरांपर्यंत गेलीच. मॅडम, थोडे दिवस आठवी घ्या, असं ते फार गोड आवाजात म्हणाले.

वर्षभर हे चाललं होतं. जिना चढला की दम लागायचा. झोपून उठलं तरी अंग मोडलेलंच. गॅसवर दूध ठेवून विसरायचे, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडायचं. कारण मात्र ज्याला त्याला माहीत होतं. नवरा म्हणाला मोबाइल कमी बघ, शेजारीण म्हणाली नजर लागली, सर म्हणाले टेन्शन घेता तुम्ही. बाई दमली की दोष तिच्या स्वभावाचा, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. मला भयंकर राग यायचा, पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

शेवटी रक्त तपासलं. लोह कमी होतं आणि बी ट्वेल्व तर पार तळाला गेलं होतं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, दिवसभर खाता काय? सकाळी उपाशीपोटी चहा, दोन बॅचच्या मधे चहा आणि खारी, डबा खाल्ला की त्यावर पुन्हा चहा. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, असं त्या म्हणाल्या. पेपर तपासत जागणं कमी करा, हेही सांगितलं. मग बी ट्वेल्वसाठी मटण, मासे, अंडी खाता का, ते विचारलं. मी म्हटलं, घरात चालत नाही.

"कुणाला चालत नाही?"

"घरमालकाला," मी म्हणाले. ते मोठ्यानं बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली आणि पाठोपाठ संताप आला.

चार वर्षांपूर्वी आम्ही भाड्यानं घर शोधत होतो. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की घर नेमकं कालच कुणाला तरी दिलेलं असायचं. या मालकांनी दिलं, पण अट घातली. म्हणाले, आम्ही माळकरी, वरच्या मजल्यावर अंडंसुद्धा चालणार नाही. आम्ही इतक्या घाईनं हो म्हटलं, जणू त्यांनी उपकारच केले. पाटोद्याजवळच्या माझ्या माहेरी रविवारी बकऱ्याचं काळीज शिजायचं, लसूण आणि काळं तिखट लावून, सोबत ज्वारीची भाकरी. आई सुकट बांधून आणायची, ती मी दारातूनच परत पाठवायचे. दूध घ्यायचो, ते सगळं चहात जायचं.

इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. नवरा म्हणाला, इंजेक्शनवर भागतंय ना, मग कशाला वाकड्यात शिरायचं? दुसरं घर शोधणं सोपं आहे का? तो चूक बोलत नव्हता, म्हणून तर जास्त चीड आली. औषध मी घेणारच होते. पण दुसऱ्याच्या नाकासाठी माझं ताट रिकामं ठेवायचं आणि ते सुईनं भरून काढायचं, हा कुठला न्याय?

आई भेटायला आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाडं देतीस ना गं? मंग त्येच्या तोंडानं कावून जेवतीस?"

त्या रविवारी मी काळीज आणलं. खिडक्या लावल्या नाहीत. फोडणी पडली आणि थोड्या वेळात मालक वर आले. माणूस भांडखोर नव्हता. दारातच उभं राहून शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. ते मी आज मोडतेय."

घर खाली करा, म्हणाले. करते म्हटलं, पण दुसरं मिळेपर्यंत रविवारी हे शिजणार. ते खाली गेले. नवऱ्यानं ताटं घेतली आणि आम्ही पोटभर जेवलो.

सोमवारी सरांकडून दहावीची बॅच मागून घेतली, विनंती न करता. फळ्यावर सूत्र लिहिलं, सिद्ध करून दाखवलं. चहा आता जेवणापासून लांब ठेवते. कधी चुकतंही.

घर अजून मिळालेलं नाही. पण आता आडनाव विचारायची वाट मी बघत नाही. कालच एका तिसऱ्या मजल्यावरच्या मालकांना दारातच सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत आणि घरात मटण शिजतं. चालत असेल तरच खोल्या बघते."

ते म्हणाले की घर कालच दिलंय. मी खाली उतरले, समोरच्या इमारतीवरही घर भाड्यानं देण्याची पाटी होती. तिथले तीन जिने चढले. दम लागला नाही. बेल वाजवली.