टॉवेलाखालचा समुद्र

जगातल्या कोणत्याही वस्तूचं खरं वय तिचं तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय कळत नाही, अशी पक्की श्रद्धा असलेला एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी म्हशींचे व्यापारी. अक्काला बघायला आले तेव्हा मुलीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही, पण पोहे आणणाऱ्या माझ्याकडे रोखून बघत "पावण्याचे दात बरे हायत" असं प्रमाणपत्र मात्र दिलं. पुढे त्यांनी जुनी स्कूटर घेतली. विकणाऱ्याला त्यांनी ती आधी चालू करू दिली नाही. हाताने ढकलत वीस पावलं पुढे न्यायला लावली आणि स्वतः मागे उकिडवे बसून तिची चाल बघितली. मग सीटच्या मागच्या भागावर दोन थापा मारल्या, दिव्यात डोकावले आणि म्हणाले, "मागच्या पायानं जरा फेंगडी हाय." आश्चर्य म्हणजे मागचं चाक खरोखरच वाकडं निघालं. तेव्हापासून दाजींच्या शास्त्राला घरात कुणी हसेनासं झालं, आणि दाजींनाही ते शास्त्र कुठे थांबवायचं हे कळेनासं झालं.

दाजींचा आवाज बाजारात तयार झालेला. ते घरात मीठ मागायचे तेव्हा शेजारच्या दोन घरांतून मीठ यायचं. आठवड्यातले चार दिवस ते गावोगावच्या जनावरांच्या बाजारात. हातकणंगल्याकडे जायचे, मलकापूरला तर नेमाने जायचे. आता मलकापूर आहे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. तिथून तसंच पुढे गेलं, आंबा घाट उतरला की समुद्र. अक्काने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने तो दाखवा म्हटलं आणि दाजींनी शब्दही दिला. पण सव्वीस वर्षं हा माणूस दर आठवड्याला समुद्राच्या दिशेने निघायचा आणि मलकापुरातून माघारी वळायचा. "पुढं जाऊन काय करायचं? पुढं म्हशींचा बाजार न्हाय," असं त्यांचं त्यावरचं उत्तर असायचं.  अक्का त्या दिवशीच्या आमटीत मीठ जरा जास्त टाकायची.

या सुरळीत संसारात कॉम्प्युटर घुसला तो माझ्यामुळे. मी शाळेत मास्तर. प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून मी एक कॉम्प्युटर घेतला होता. दोन-तीन वर्षांनी नवा घेतला तेव्हा जुना दाजींच्या गळ्यात मारला. म्हशींचे फोटो ठेवा, गिऱ्हाइकांचे पत्ते ठेवा, असं बरंच सांगितलं. दाजींनी त्याच्या मागच्या बाजूला हात फिरवून "वायर लई हायत, पोट बिघडंल" एवढंच मत दिलं. पण त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता, आणि तो त्यांना चावला. दाजी शर्यत खेळायचे म्हणजे लोक खेळतात तसं नाही. घंटा झाली की बाकीच्या गाड्या सुसाट सुटायच्या, आणि दाजी सगळ्यांना जाऊ द्यायचे. मग आपली लाल गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने, वीसच्या वेगाने, हॉर्न देत. मी म्हणालो, "दाजी, अशानं तुमचा नंबर कधी येणार?" तर म्हणाले, "पावणं, मी जिकाय न्हाय आलो. फिराय आलोय."

त्या शर्यतीचा रस्ता एका वळणावर समुद्राच्या कडेने जायचा. दाजी तिथे गाडी थांबवायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे. माझ्या जुन्या यंत्राचा जीव तो केवढा. त्यातला समुद्र म्हणजे नगरपालिकेच्या शाळेच्या भिंतीला देतात तसला निळा रंग. ना लाट, ना फेस. कोल्हापुरात राजारामपुरीला कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. त्याचा मालक तरुण, फार सज्जन. त्याने दाजींना सांगितलं की काका, यात चित्र काढणारं एक कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. ते मोठं बसवलं की पाणी हलतं, लाटा येतात, सूर्य पाण्यात दिसतो. हे ऐकलं आणि दाजींच्या डोक्यात एक भव्य योजना जन्माला आली. त्यांनी ती अक्कासमोरच मला सांगितली. "रत्नागिरीला जायचं म्हंजे दोघांचं भाडं, ऱ्हाणं, खानं. आन् बघायचं किती, एक दिवस. त्यापरास कार्ड घिऊ. रोज समुद्र. घरात." अक्काने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कॉम्प्युटर देणाऱ्या भावाबद्दलचं जे मत होतं, ते मी इथे लिहीत नाही.

दाजी कार्ड बघायला गेले ते बाजारातलं सगळं शास्त्र घेऊन गेले. खोक्यातून कार्ड बाहेर काढायला लावलं, उजेडात धरलं, त्याच्या सोनेरी दातऱ्या बोटाने मोजल्या आणि सगळे दात आलेल्या जनावराबद्दल म्हणतात तसं समाधानाने म्हणाले, "जुळलेली हाय." मग मेमरीचा आकडा दुधाच्या लिटरांसारखा ऐकून "एका टायमाला का दोन्ही टायमाचं मिळून?" असं विचारलं. दुकानदाराने आठ हजार सांगितले तेव्हा ते दचकले नाहीत, उलट हसले. त्यांचा हिशोब सरळ होता. म्हैस काय आणि कार्ड काय, वय झालं की भाव उतरणार. थांबायचं. ते दोन वर्षं थांबले, आणि भाव खरोखरच पडला. तीन हजारांना तेच कार्ड घेऊन दाजी विजयी वीरासारखे घरी आले, आणि लाटा असलेला नवा खेळ त्यावर घातला, तर तो उघडायलाच तयार नाही. त्याला आता नवं कार्ड हवं होतं, आणि ते बारा हजारांचं होतं. दाजी तासभर त्या बंद पडद्यासमोर बसले. शेवटी म्हणाले, "भाकड निघाली." सबंध हयातीत त्यांच्याकडून भाकड म्हैस घेतली गेली नव्हती, हा घाव त्यांना फार लागला.

पुढच्या वर्षी वरचं कार्ड अठरावर गेलं. दाजी दुकानात जाऊन भांडून आले. "ह्ये काय पेंड खातंय व्हय? दरसाल चढायला?" दुकानदार बिचारा म्हणायचा, काका, नवं आलं की ते आधीच्यापेक्षा महागच येतं. दाजींना हे जगाच्या रीतीविरुद्ध वाटायचं. गल्लीत, दूध कट्ट्यावर, बाजारात, कुठेही ते कार्डांच्या भावाबद्दल बोलायचे, आणि ऐकणारा बिचारा ते कुठल्या जातीचं जनावर आहे याचा विचार करत बसायचा.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी दाजींनी एक मुऱ्हा म्हैस पंचवीस हजारांना विकली. सव्वीस वर्षांत प्रथमच अक्काने अट घातली. "अठराचं तुमचं कार्ड घ्या. सात ऱ्हात्यात. त्यात मला खरा समुद्र दावा. ह्या दिवाळीच्या आत." दाजी व्हय म्हणाले. आवाज बारीक होता, म्हणजे खरं म्हणाले असावेत. अक्काने त्याच दिवशी ट्रंकेतून नवं लुगडं काढून उन्हात घातलं. पैसे नीट वापरले जावेत म्हणून तिने मला दाजींबरोबर दुकानात पाठवलं. मी मास्तर असल्याने माझ्यावर विश्वास ठेवायची तिची जुनी खोड होती.

आता जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. टॉवेलाखाली काय झालं ते तिसऱ्याने बघायचं नाही आणि कधी विचारायचं नाही. आकडा पटला की दाबलेला हात वरखाली हलवायचा. हात हलला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही. दाजींनी दुकानात शिरताच खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानदाराचा हात धरला आणि म्हणाले, "येक बोट पाच हजार." टॉवेलाखाली त्यांनी तीन बोटं दाबली असावीत. पंधरात सौदा करायचा त्यांचा बेत होता. पण दुकानदाराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, काका खुशीत आहेत, हस्तांदोलन करताहेत. शिवाय त्याला गुदगुल्या होत होत्या. त्याने हसत हसत दाजींची पाचही बोटं गच्च धरली आणि चांगला दणदणीत हात हलवला. आणि दाजींचा तीस वर्षं बाजारात मुरलेला हात, मालकाला न विचारता, उलट हलला.

पाच बोटं म्हणजे पंचवीस हजार. त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला, बंडीच्या आतल्या खिशातून पंचवीस हजार काढले आणि काउंटरवर ठेवले. दुकानदार म्हणाला, "काका, अठराच आहेत की. इथं लिहिलंय." मी म्हणालो, "दाजी, त्याला कुठं ठाऊक होतं?" दाजी म्हणाले, "त्याला न्हाय. मला हाय की." आम्ही दोघांनी अर्धा तास विनवण्या केल्या. सात हजार उचलून त्यांच्या हातात दिले तर त्यांनी ते पुन्हा ठेवले. "हात हलला, पावणं. शब्द गेला." आम्ही घरी आलो. दारात उन्हात वाळत घातलेलं लुगडं होतं. ते पाहून दाजींनी चप्पल काढायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. अक्काला त्यांनी स्वतःच सांगितलं. ती उठली, लुगड्याची घडी घातली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली. त्या रात्री आमटी अगदी बरोबर झाली होती, आणि तेच जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार शाळेत येऊन मला पाकिटात सात हजार देऊन गेला. म्हणाला, "सर, मला झोप लागली नाही." पैसे परत घेणं दाजींच्या धर्मात बसत नव्हतं, माझ्या व्यवस्थित बसत होतं. मी ते पाकीट गुपचूप अक्काकडे पोचवलं. तिने ते पदराखाली घेतलं आणि एकही प्रश्न विचारला नाही.

रविवारी कार्ड बसलं. दोनदा वीज गेली, दोनदा आली. तिसऱ्यांदा दाजींनी नव्या खेळातली लाल गाडी हळूहळू समुद्राच्या वळणापर्यंत नेली, कडेला लावली आणि अक्काला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, खुर्चीवर बसली. समुद्र खरंच सुरेख होता. लाटा येत होत्या, फुटत होत्या, पाण्यावर ऊन चमकत होतं. दाजी पडद्याकडे बघतच नव्हते. ते अक्काच्या तोंडाकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणाच्या तोंडाकडे असं भीत भीत बघताना मी पाहिलं नव्हतं. अक्काने पडद्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "लई ग्वाड हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "पर वारं न्हाय." दाजींनी माऊस खाली ठेवला. अक्काने पदराखालून पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. दाजींनी विचारलं, "कुठलं गं ह्ये?" ती म्हणाली, "टॉवेलाखालचं इचारत्यात व्हय?"

दिवाळीच्या आधी आम्ही रत्नागिरीची एसटी धरली. मलकापूर आलं तेव्हा दाजींचा पाय सवयीने एसटीच्या दाराकडे वळला. अक्काने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. मला दोघांनी बरोबर घेतलं होतं. एकमेकांबरोबर प्रवास करायची सवय नसल्याने मध्ये कुणीतरी लागत होतं. दुपारी आम्ही किनाऱ्यावर पोचलो. अक्का नव्या लुगड्यात गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून हलेनाच. वाऱ्याने तिचा पदर पुन्हा पुन्हा डोक्यावरून उडत होता आणि ती तो सावरत नव्हती. दाजी वहाणा हातात घेऊन वाळूत उभे होते. बराच वेळ पाहून त्यांनी मला बारीक आवाजात विचारलं, "पावणं, लाट कुठंच अडकंना की. ह्याला कितीचं कार्ड आसंल?" ते विनोद करत नव्हते.

ऊन कलल्यावर दाजींचा जीव वर-खाली व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी मलकापूरचा बाजार होता. "चला आता. समुद्र काय पळून जातोय?" असं ते दोनदा म्हणाले. अक्का पाण्यातून बाहेर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल तिने काढून घेतला. त्यांचा हात हातात धरला, वर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "येक बोट, येक दिस."  चारचौघांत ह्या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. रीत आहे म्हणून मी तोंड समुद्राकडे फिरवलं. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून टॉवेल दिसलाच. तो जरासा हलला, मग बराच वेळ नुसता पडून राहिला. मग सावकाश वरखाली झाला.

किती बोटं दाबली गेली ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. कार्डांचे भाव पुढेही चढतच गेले, दाजींचं ते पंचवीस हजारांचं कार्ड दोन वर्षांत भाकड झालं आणि त्यांनी दुसरं घेतलं नाही. एवढं मात्र खरं की आम्ही कोल्हापुरात परतलो ते चौथ्या दिवशी, आणि त्या आठवड्यात मलकापूरचा बाजार दाजींशिवाय भरला.