काळ्या दगडावरची दुपार

सत्तरच्या दशकात, संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, धबधबा पाहायला गेलेल्या आमच्या कुटुंबाची परतीची शेवटची एस.टी. चुकली. काल नागपुरात, मनीषनगरात, बांधकामावरच्या चौकीदाराने पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर खिडकीतून आत आला, आणि तो दिवस सबंध आठवला.

धबधबा मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या टेकड्यांत होता. वडील शाळेत भूगोल शिकवत. आईने धबधबा पाहिला होता तो फक्त त्यांच्या पुस्तकातल्या चित्रात. खरा दाखवीन, हे वडिलांचं लग्नाच्या वर्षीचं आश्वासन. आई-वडील, धाकटा भाऊ आणि मी नागपूरहून पहिल्या गाडीने फाट्यावर उतरलो. खाप्याहून मामा गोवऱ्यांचं पोतं घेऊन आला होता. हिवाळ्यात रानात जायचं आणि रोडगे करायचे नाहीत, असं आमच्याकडे होत नसे.

थंडी कोवळी होती. नाल्याकाठचा दगड काळा, थरांवर थर चढलेला. वडील थांबून म्हणाले, "ही एकेक पायरी म्हणजे एकेक वेळी वाहून आलेला लाव्हा."

"मंग भाऊजी, हा जिना चढे कोण?" मामाने विचारलं. आई हसून हसून खाली बसली.

पाण्याचा आवाज येत होता. धबधबा मात्र वळणापलीकडे, वीसेक मिनिटांच्या चढावर. आधी विस्तव, असं ठरलं. कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजायला दोन तास लागतात आणि ते सारखे फिरवावे लागतात. "मी रोडगे पाहून राहिली, तुम्ही होऊन या," आई म्हणाली. आम्ही गेलो, भिजलो, ओरडलो, परत आलो. मग राख झटकून तुपात बुडवलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि उन्हात सगळ्यांना लागलेली डुलकी.

भांडी घासताना आईने मला विचारलं, "काय वं, पाणी लय उंचावरून पडते काय?"

तेव्हा कळलं. आई गेलीच नव्हती. वडिलांना मी उठवलं. बसला पाऊण तास उरला होता आणि फाटा अर्ध्या तासावर होता.

"पुढच्या हिवाळ्यात नक्की," वडील म्हणाले.

"तुमचा लाव्हा राहीन पुढच्या हिवाळ्यापर्यंत. मले आजच पाहाचं हाय."

"जा वं ताई, बस काय पळून राहिली?" मामा म्हणाला. बस खरोखरच पळणार होती. आईने पदर खोचला आणि ती चढू लागली. वडिलांनी चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागे निघाले. मग आम्हीही.

हिवाळ्यातलं पाणी थोडं, तीन पदरी, काळ्या भिंतीवरून सुटलेलं. चष्मा वडिलांकडे देऊन आई सरळ पाण्याखाली जाऊन उभी राहिली, आणि तिथून तिने वडिलांचा हात ओढला. भूगोलाचे मास्तर सदऱ्यासकट भिजले. वरून रस्ता दिसत होता. लाल बस फाट्यावर थांबली आणि गेली.

"गेली गा," वडील मामाला म्हणाले, आणि पुन्हा पाण्याखाली शिरले.

संध्याकाळी संत्र्यांच्या एका ट्रकने आम्हाला घेतलं. वडील, मामा आणि भाऊ मागे पेट्यांवर. आई आणि मी पुढे. वाटेतलं सावनेर येईपर्यंत आई ड्रायव्हरला धबधब्याचं सांगत होती. तो वीस वर्षं त्या रस्त्याने जात-येत होता. धबधबा त्याने पाहिला नव्हता.