कोपऱ्यातली ओळ

पेंटर मामांना कोपरा लागायचाच. हातानं पाट्या रंगवायचे तेव्हा कोपऱ्यात नाव टाकायचे. पुढे फ्लेक्स आला, कॉम्प्युटर आला, आणि नावाच्या जागी ओळ आली: ‘हे काम मोफत सॉफ्टवेअरवर केलं आहे. तुम्हालाही शिकवतो.’ लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलेलं. चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स, आणि खाली मामांची ती ओळ.

एक क्लासवाले सर भडकले. “अहो, ‘मोफत’ वाचून लोक आमचा क्लास हलका समजतील!” मामा म्हणाले, “सर, पोरं रुबाबात दिसायलीत का न्हाई?” दिसत होती. ओळ राहिली. मामांच्या समोरच्या फ्लेक्सवाल्या दुकानदाराकडे महागड्या सॉफ्टवेअरची चोरून आणलेली कॉपी होती. तो हसायचा, “फुकटात काय येतंय, मामा?” मामांचं उत्तर ठरलेलं: “भांडून कुणी ऐकत न्हाई. काम दाखवायचं.”

माझ्या आईला असल्या वादाशी काय देणंघेणं! तिची आई भूकंपात गेली, घराबरोबर फोटोही गेले. उरला लग्नातला एक ग्रुप फोटो, तोही मेला नेमका आजीच्या चेहऱ्यावर चुरगळलेला. भिंतीवर आईचा फोटो असावा, एवढंच तिचं मागणं. समोरच्या दुकानदारानं तो करून दिला, गोरापान, गुळगुळीत. आई रडकुंडीला आली. “ही कोण बाई? माझी आई न्हाई ही.”

मग ती मामांकडे गेली. त्यांनी तिला शेजारी बसवलं नि विचारत गेले. कुंकू केवढं लावायची? देवीचे वण होते का? “लई होते,” आई म्हणाली. ती बोटानं जागा दाखवायची, मामा वण काढायचे. आठवडाभर हेच चाललं. शेवटी आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “हाव, हीच. आता वरडंल बघा माझ्यावर.”

या फोटोवर मात्र ओळ नव्हती. “गेलेल्या माणसाचा फोटो हाय, ताई. तिथं जाहिरात शोभत न्हाई.” आई ऐकेना. “टाका, भाऊ. माझ्यासारख्या कितीजणी हायत. त्यांना कळू द्या कुठं यायचं.”

ओळ पडली, आणि आल्या की! गावागावांतून, फाटके फोटो पिशवीत जपून. समोरचा दुकानदार आधी बघायला आला, मग शिकायला. मामांनी स्वतः जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर ते मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलं. वर चहा मात्र त्याच्याकडूनच घेतला.

गेल्या वर्षी मामा गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्याच दुकानदारानं केलेला. कपाळावरची आठी, गालावरचा तीळ, सगळं जागच्या जागी. मी आधी कोपरा बघितला. ओळ होती, ‘तुम्हालाही शिकवतो’सकट.