न परवडणाऱ्या सुभद्राताई

परक्या घरी गेल्या की सुभद्राताई आधी पायरीवर बसत आणि घरच्या बाईपुढची ब्रेद ओढून घेऊन निवडायला लागत. ब्रेद म्हणजे आमच्या मॉरिशसमधली पालेभाजी. "हात कामात असले की बाईचं तोंड सुटतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी संपेपर्यंत सरकारी प्रश्न एकही निघत नसे आणि बाहेर भाड्याची मोटार ताटकळत उभी असे. मोटारीची बिलं मी करत होतो, त्यामुळे या सवयीचं कौतुक सोडाच, मला धडकी भरे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाअखेरची ही गोष्ट. बेटावरचा हिवताप हटला, पोरं जगू लागली, आणि वाढत्या लोकसंख्येच्या काळजीने सरकारने एक समिती नेमली. मी तिचा हिशेबनीस. सुभद्राताई इस्पितळातल्या जुन्या नर्स. गावोगावच्या बायकांशी बोलायला समितीने त्यांना काही महिन्यांपुरतं मागून घेतलं होतं. अंगाने आडव्या, आवाज खणखणीत, आणि साहेब असो की शिपाई, दोघांना एकाच सुरात दटावणाऱ्या. मला त्या 'रुपयेमास्तर' म्हणत.

बाकीची माणसं दिवसात गल्लीच्या गल्ली उरकत. ताईंची दोन घरं झाली तरी खूप. मोटार एवढा वेळ का थांबते ते बघायला एकदा मीच त्यांच्याबरोबर कार्तिए मिलितेर गावी गेलो. शहाणपणा करून घरच्या बाईला छापील प्रश्न विचारला, "मुलं किती?" ती चपापलीच.

"आयो, मिस्ये, साहेब! पोरं कोन मोजतं? नजर लागल!"

ताईंनी मला पायरीलगतच्या फणसाखाली पिटाळलं आणि तिला म्हणाल्या, "मोजू नको गो. नावं सांग."

मग नावं आली. कडेवरच्यापर्यंत येऊन बाई थांबली आणि हळू आवाजात आणखी दोन नावं म्हणाली, तापाने गेलेल्यांची. ताईंनी भाजी बाजूला ठेवली. मग बाई म्हणाली, "ताई, आता आनी नको. मो फातिगे, लय थकले. काय विलाज हाय का?"

याच प्रश्नासाठी समिती बसली होती, आणि आमच्या कागदावर तो विचारायला जागाच नव्हती. परतताना मी मोटारीच्या बिलाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढे एका वर्तमानपत्राने समितीच्या खर्चावर झोड उठवली. मुलं मोजायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात ती मुलं जेवली असती, असं लिहिलं. वरून विचारणा झाली, बैठक बसली आणि ताईंच्या संथपणाचा विषय निघाला. "घाईच असेल तर दगड मोजा, साहेब," ताई म्हणाल्या. "माणसापाशी बसावंच लागतं." अध्यक्ष भला माणूस, त्याला हसू आलं, पण त्याच्या हातात पैसा नव्हता. मोटारी बंद झाल्या. उसनी माणसं महिनाअखेर परत जाणार होती. कुणाला थांबायचंच असेल, तर त्याने बसने फिरावं.

नेमकी तेव्हाच इस्पितळात मेट्रनची जागा रिकामी होत होती. ती ताईंचीच, असं सगळे धरून चालले होते. तिकडून निरोप आला की वेळेत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. इकडे बेटाच्या दक्षिणेला सुरिनाम नावाच्या गावाकडचा भाग राहिला होता आणि तिथल्या बायकांना ताईंनी येण्याचा शब्द दिला होता. मी हात जोडले. "ताई, परत जा. समितीचं काय, आज आहे उद्या नाही."

"एवढा धीर करून बाई तोंड उघडणार आणि ऐकायला समोर कुणी नाही? ते मला नाही जमायचं," म्हणाल्या आणि बस गाठायला निघाल्या.

अहवालात बायकांचं म्हणणं ठसठशीत आलं. पुढे गावांत त्यांच्यासाठी दवाखाने निघाले, तेव्हा त्या अहवालाचाच आधार घेतला गेला. ताईंच्या हट्टाचा मला आजही अभिमान वाटतो.

समिती मोडल्यावर ताई पुन्हा कामावर रुजू झाल्या, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर इस्पितळापर्यंत गेलो. वॉर्डाच्या दारात नवी मेट्रन उभी होती. तिला इंजेक्शन द्यायला ताईंनीच शिकवलेलं. ती बिचारी ओशाळली. ताई ताठ उभ्या राहिल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मेट्रन."

ती आत गेल्यावर मला राहवलं नाही. "ताई, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. फार लागलं रे," त्या म्हणाल्या. "पण ते माझं मी बघेन. तू जा आता, पेशंट खोळंबलेत."

आणि एप्रनची गाठ आवळत त्या वॉर्डात शिरल्या.